भट्टीकर

भट्टीकर हे त्यांचं आडनाव नाही. खरं आडनाव चांगलं देशस्थी आहे, पण न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळात ते आता फक्त वर्गणीच्या पावतीवर उरलंय. गॅरेजात बिअर करणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? त्यांचा आक्षेप नावाला नाही, क्रियापदाला आहे. कुणी ‘काय, सध्या काय गाळताय?’ असं विचारलं की ते ताठ होतात. ‘गाळत नाही, आंबवतो. घरी दारू गाळणं हा फेडरल गुन्हा आहे. बिअरला 1978 साली जिमी कार्टरनी सही करून मोकळीक दिली. घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला 200 गॅलन.’ यातलं दुसरं सज्ञान माणूस म्हणजे वहिनी. त्या थेंबाला शिवत नाहीत, पण त्यांच्या वाटणीचे 100 गॅलन हिशेबात धरलेले असतात.

अमेरिकेतल्या मराठी इंजिनिअराला चाळिशीत काहीतरी होतं. कुणी मॅरेथॉन पळायला लागतो, कुणी कराओकेचं यंत्र आणतो, कुणी एकदम नाटकात काम करतो. यातला सगळ्यात चिवट प्रकार बिअर करणाऱ्याचा, कारण त्याच्या छंदाला मोजमाप आहे. धान्य 67 अंशाला तासभर मुरवायचं, काढा तासभर उकळायचा, मग 20 अंशांपर्यंत भराभर निववून यीस्ट घालायचं. प्रत्येक पायरीला थर्मामीटर, हायड्रोमीटर आणि एक एक्सेल शीट. एरवी गॅसवरच्या दुधाकडे बघ म्हटलं तर यांच्या हातून ते हमखास उतू जाणार. पण काढ्याला उकळी फुटायच्या वेळी हेच गृहस्थ पाण्याचा फवारा हातात घेऊन फेसावर नजर ठेवून उभे. वहिनींचा खरा राग बिअरवर नाही, या फवाऱ्यावर आहे.

एका घाण्यात पाच गॅलन, म्हणजे साधारण 19 लिटर, पन्नासेक बाटल्या. आता या पितो कोण? भट्टीकर स्वतः अर्ध्या ग्लासाच्या वर जात नाहीत, दुसऱ्या दिवशी पित्त होतं. त्यांना हवं असतं गिऱ्हाईक, तेही ऐकणारं. तुम्ही पहिला घोट घेता आणि ते तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. ‘छान आहे’ एवढ्याने सुटका नाही. ‘शेवटी थोडी संत्र्याची साल येते ना?’ येते म्हणावं. नाही म्हटलंत तर कॅस्केड नावाचे हॉप्स, ते ऑरेगॉनात कसे निपजले, उकळीच्या कितव्या मिनिटाला टाकले तर कडू होतात आणि कितव्याला सुवासिक, हे सगळं आलंच. इतर घरांत बिअरसोबत चकणा असतो. इथे प्यायचं असतं ते बोलणं, आणि बिअर हाच चकणा. माझं मत विचाराल तर ती बरी असते. कडू असते, पण आपलेपणाने दिलेली असते.

भट्टीकरांच्या सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, तेव्हा हे प्रकरण त्यांच्यापासून लपवायचं ठरलं. काढ्याचा वास घरभर पसरल्यावर त्या गॅरेजात डोकावल्या, पातेल्यात बघितलं आणि म्हणाल्या, ‘बार्लीचं पाणी होय? चांगलं असतं हो, उन्हाळी लागली की आम्हीही द्यायचो.’ एवढं मोठं पातेलं बघून जावयाला त्रास जुनाच असावा असा त्यांनी समज करून घेतला आणि पुढे कधी विषय काढला नाही. फ्रीझरमधल्या हॉप्सच्या हिरव्या गोळ्या मात्र त्यांनी खत समजून तुळशीला घातल्या. तुळस जगली.

मग एकदा गॅरेजला आग लागली, ती फेब्रुवारीत. एरवी भट्टीकर शेगडी ड्राइव्हवेवर मांडत. ही शेगडी म्हणजे अमेरिकन लोक थँक्सगिव्हिंगला टर्की तळायला वापरतात ती, प्रोपेनच्या नळकांड्यावर चालणारी. ‘फक्त उघड्यावर वापरा’ असं तिच्यावर छापलेलं असतं. त्या दिवशी बाहेर बर्फ होता, वारा बोचत होता. त्यांनी मध्यम मार्ग काढला: शेगडी गॅरेजच्या आत, दार निम्मं वर. म्हणजे एक बाजू उघडीच आहे की! एका बाजूला मंडळाच्या गणपतीचं सामान रचलेलं. तीन गाड्यांचं गॅरेज आणि एकच गाडी, त्यामुळे ढोल, ताशे, लेझमी आणि थर्माकोलचं मखर त्यांच्याकडे कायमचे वस्तीला. उकळीची शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा भट्टीकर हॉप्स आणायला स्वयंपाकघरात गेले. वाऱ्याने ज्योत वाकली आणि मखराच्या खोक्याला लागली. आत हे गृहस्थ काट्यावर 28 ग्रॅम मोजत होते. काटा 29 दाखवत होता, म्हणून एक गोळी काढत होते.

वास आधी वहिनींना आला. त्यांनी गॅरेजचं आतलं दार गाठलं. हे दार आगीला तग धरणारं असतं आणि आपोआप मिटतं, ते याचसाठी. पण भट्टीकरांनी ये-जा सोपी व्हावी म्हणून माल्टचं 55 पौंडी पोतं लावून ते उघडं ठेवलेलं. कॉस्कोतून तांदळाची पिशवी आणताना ज्यांची कंबर धरते, त्या वहिनींनी ते पोतं एका हिसक्यात आगीकडे लोटलं आणि दार बंद केलं. घर वाचलं ते त्या हिसक्यामुळे. भट्टीकर पुढच्या दाराने धावत बाहेरून गेले. अग्निशामक नळकांडं होतं, दरवर्षी तपासलेलं, तारखेच्या चिठ्ठीसकट. ते गॅरेजच्या पार मागच्या भिंतीवर होतं, आगीच्या पलीकडे.

बंब लवकर आले. तेवढ्यात आतून मोठा आवाज झाला, शेजारपाजारचे दोन पावलं मागे सरले. भट्टीकरांनी तिथल्या तिथे सगळ्यांना समजावून सांगितलं की हा स्फोट नव्हे. केगला लावायच्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची सेफ्टी डिस्क फुटली, ती फुटण्यासाठीच असते. ज्याने आग विझते तो वायू सिलिंडर भरून घरात होता, पण तो सुटला तेव्हा विझवायला फारसं काही शिल्लक नव्हतं. आग आटोक्यात आल्यावर बंबाच्या कॅप्टनने वितळलेल्या बादल्यांकडे बघून विचारलं, काय करत होतात? ‘आयपीए बिअर.’ कॅप्टनने हेल्मेट काढलं. भट्टीकर आजही सांगतात की त्याने आदराने काढलं. मी तिथे होतो. त्याला घाम आला होता.

मंडळ दुखवट्याला आल्यासारखं आलं, मसालेभात आणि कढीचे डबे घेऊन. बायका वहिनींपाशी बसल्या, पुरुष भट्टीकरांपाशी, आणि दोन्हीकडे थोड्या वेळाने प्रश्न तोच: ‘ढोलांचं काय झालं?’ ढोलांची फायबरची पानं विरघळून गेली होती. लेझमी काळ्या पडल्या, पण वाजत होत्या. मखराचं नावही उरलं नव्हतं.

नंतर विमा कंपनीचा माणूस आला. जळालेल्या प्रत्येक वस्तूची यादी द्या, म्हणाला: वय, किंमत आणि अपेक्षित आयुष्य. इतर माणसं इथे रडकुंडीला येतात. भट्टीकर फुलले. एक्सेल तयारच होती, रबराच्या वॉशरपर्यंत. अडलं ते आमच्या सामानापाशी. ढोलाचं अपेक्षित आयुष्य किती? लेझीम हे वाद्य की व्यायामाचं साहित्य? घसारा दोन्हींचा वेगळा. आंबत असलेल्या बिअरची भरपाई फक्त जिनसांची मिळेल, असं तो म्हणाला, कारण ती विकायला बंदी म्हणून तिला बाजारभाव नाही. भट्टीकरांनी कष्टाचा मुद्दा काढला. वहिनी म्हणाल्या, ‘कसले कष्ट? लोकांना धरून धरून पाजतोस, त्यांनाच द्यायला हवी भरपाई.’ धुराचा वास काढायला कपडे घेऊन गेलेल्या कंपनीने वहिनींची नऊवारी पैठणी यादीत ‘रेशमी पडदा, लांब’ अशी नोंदवली होती. ती दुरुस्त करून घ्यायला आगीपेक्षा जास्त फोन लागले.

एक केग बाहेरून काळा पडूनही शाबूत होता. सील वितळलं असेल, आत काय शिरलं असेल कोण जाणे. धुरात सापडलेलं काही पिऊ नका असं सगळ्यांनी बजावलेलं. भट्टीकर मात्र जर्मनीतल्या बाम्बर्गची गोष्ट सांगू लागले. तिथे बीचच्या लाकडाच्या धुरावर माल्ट सुकवतात, त्याची राउखबिअर जगात नावाजलेली आहे. ‘मग तुझ्या त्या बाम्बर्गात थर्माकोल जाळतात का रे?’ असं विचारत वहिनींनी केग स्वतः मोरीत ओतला. वास कित्येक दिवस गेला नाही.

आता ते आगीतले तज्ज्ञ आहेत. मंडळाच्या पाडव्याला त्यांनी स्लाइड लावून व्याख्यान दिलं: अग्निशामक नळकांडं दाराजवळ टांगा, मागच्या भिंतीवर नको, गॅरेजातला वॉटर हीटर जमिनीपासून 18 इंच उंच का बसवतात, तर पेट्रोलची वाफ जड असते, ती खाली पसरते. सगळं खरं आणि कामाचं. पण बिअर चुकवायला वर्षानुवर्षं मुलांच्या गृहपाठाची सबब सांगणारे लोक त्या दिवशी पुढच्या रांगेत अडकले होते, आणि व्याख्यानाबरोबर घोटभरसुद्धा काही नव्हतं.

विम्याने घसाऱ्यापोटी कापलेली रक्कम नव्या वस्तूची पावती दाखवल्यावर मिळते, हे कळल्यापासून तर त्यांना चैन नाही. वहिनींची अट एकच: घरात ज्योत नको. तेव्हा आता विजेवर चालणारं स्टीलचं पातेलं, 240 व्होल्टवर. त्यासाठी गॅरेजात वेगळी लाइन टाकायला परवा इलेक्ट्रिशियन आला होता. हल्ली अशी लाइन सगळे विजेच्या गाडीसाठी घेतात. टाउनशिपच्या परवान्याचा अर्ज भरताना त्याने विचारलं, गाडी कुठली? भट्टीकर शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे बघत गप्प राहिले. वहिनींनी कपड्यांची घडी घालता घालता सांगितलं, ‘गाडी नाही, बार्ली वॉटर. माझ्या नवऱ्याला जुना त्रास आहे.’