दाखलेमास्तर

नाशकात शरणपूर रोडच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे दाखलेमास्तर म्हणतात. शाळेत होते तेव्हा ते शाळा सोडल्याचा दाखला देत. निवृत्त झाल्यापासून बायबलातला देतात. फरक एवढाच, की पहिला मागावा लागे आणि मिळाला की माणूस सुटे. दुसरा न मागता मिळतो आणि माणूस फाटकापाशी अडकतो.

घरामागे टीचभर बाग. हातात खुरपं असतं, पण ते मातीला क्वचितच लागतं. छडी गेल्यापासून दाखवायला काहीतरी हवंच ना! एकदा मी वाकून लव्हाळा उपटायला गेलो, तर खुरपं माझ्या मनगटावर आलं. "निदणाचा दाखला विसरलास? निदण उपटताना गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्यायचं." लव्हाळ्याला असा शास्त्राधार मिळालेली नाशकातली ही एकच बाग. आत्मिक वाढीला धीर लागतो, हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं आणि पेरलेले धणे तिसऱ्याच दिवशी उकरून पाहिले.

मिशनरी केरीसाहेब हे त्यांचं दैवत. "बंगालातल्या श्रीरामपुरात, आपल्या नगरच्या नव्हे, या माणसानं 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं आणि 1820 साली कलकत्त्यात शेती-बागायतीची संस्था काढली. का? तर भाषा काय, बाग काय, छाटणी हवीच!" हे वाक्य मास्तर साधारण पाऊण तासात पूर्ण करतात.

छाटणी हा मात्र त्यांचा खास प्रांत. मांडवावर एक द्राक्षवेल आहे. योहानाचा पंधरावा अध्याय आणि नाशिकचा बागायतदार यांची गाठ मास्तरांनीच घालून दिली. एप्रिलात खरड छाटणी. तिनं घड येत नाहीत, काडी तयार होते; पण पुढचा घड त्या काडीच्या डोळ्यातच गुपचूप धरतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग तो बाहेर दिसतो. "देवबाप आधी खरडतो, गोडी मागून येते." मी बारावीला गणितात आपटलो तेव्हा घरचे रडत होते आणि मास्तर पेढे मागत होते. "खरड छाटणी झाली रे तुझी!" मी चिडून विचारलं, "आणि गोडी छाटणी?" म्हणाले, "ऑक्टोबरात." तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरातच असायची. मी पास झालो. तेव्हापासून त्यांच्यासमोर वाद घालायची माझी सोय राहिली नाही.

पण त्यांची स्वतःची वेल? दर ऑक्टोबरात मास्तर कात्री घेऊन शिडीवर चढतात. एक काडी धरतात, सोडतात, दुसरी धरतात. "ही कोवळी आहे... हिच्यावर बुलबुल बसतो..." मग शिडीवरूनच छाटणीच्या महत्त्वावर उपदेश होतो, संध्याकाळ होते आणि कात्री जशी वर गेली तशी खाली येते. जगाची छाटणी सांगणाऱ्या या माणसाच्यानं एक काडी कापवत नाही. मांडवावर पानांचं रान माजलंय. घड नाही.

खरी बाग करतात त्या बाई, मास्तरांच्या पत्नी. धुण्याचं पाणी अळूला, निंबोळीचा अर्क वांग्यांना आणि मास्तर उपासनेला पुढे गेले की गुपचूप लव्हाळ्याला हात. दाखला एकही देत नाहीत. गल्लीत कोथिंबीर मात्र त्यांच्याच घरून जाते.

परवा मास्तर मांडवाखाली कुणाला तरी अंजिराच्या झाडाचा दाखला देत होते : तीन वर्षं फळ नाही, धनी म्हणतो तोडून टाक, माळी म्हणतो एवढं एक वर्ष राहू द्या, भोवती खणून खत घालतो. बाई पलीकडे खरोखरच वेलीच्या बुंध्याशी शेणखत घालत होत्या. मी हळूच म्हटलं, "बाई, कशाला एवढे कष्ट? इतकी वर्षं झाली, नुसती पानंच पानं."

"राहू दे रे अजून एक वर्ष," बाई म्हणाल्या.

मास्तरांचे कान तिखट. खुरपं उंचावून ओरडले, "ऐकलंस? हाच तो दाखला! वेलीला आणखी एक वर्ष!"

बाईंनी हातची माती झटकली. "वेलीचं कोण बोलतंय?"