तीनशे शब्दांत सुधारणा

१९५७ साली व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'मधले सहा खुनी शेती करून माणसात आले आणि प्रेक्षकांनी डोळे पुसले. त्यामागची कल्पना आपल्याच मातीतली. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथे कैदी बायकामुलांसह राहतात, शेत कसतात. आज कुणी अशी वसाहत आपल्या सोसायटीमागे काढतो म्हणालं, तर संध्याकाळपर्यंत सह्यांची मोहीम सुरू होईल.

सुधारणेला आपला विरोध नाही हो. फक्त कुणाला सुधारायचं, एवढंच आधी बघावं लागतं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोघांचा जीव गेला आणि आरोपी अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला. अटींमध्ये एक निबंध, तीनशे शब्दांचा. (गदारोळ झाल्यावर त्याला निरीक्षणगृहात धाडलं, ते नंतर.)

इकडे देशातल्या तुरुंगांत दर चारांतले साधारण तीन कच्चे कैदी. गुन्हा शाबित नाही, म्हणून शिक्षा नाही. आणि शिक्षाच नाही, तर स्वतंत्रपूरसारख्या खुल्या कारागृहात जाऊन सुधारायची सोयही नाही. त्यासाठी आधी दोषी ठरावं लागतं! जामिनाची रक्कम नाही म्हणून वर्षानुवर्षं आत बसलेल्यांना निबंधाचा विषय कुणी देत नाही. दिलाच, तर शब्दमर्यादा वाढवून द्यावी लागेल.