पन्हळरोधमीमांसा

पन्हळ का तुंबते, या प्रश्नाकडे आजवरच्या विद्वानांनी अक्षम्य दुर्लक्ष केले आहे. नंदुरबार जिल्ह्यात मात्र तो टाळता येत नाही, कारण इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच उरकतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे 100 चौरस मीटरच्या छपरावर 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 5000 लिटर पाणी खाली उतरायला निघते. वाटेत सागाचे एक पान आडवे पडलेले असते.

हे पान स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. नवापूरकडे सागाला तोटा नाही. हातभर लांबीचे वाळके पान पन्हळीच्या तोंडावर झाकणासारखे बसते. कडुनिंबाच्या पानांत एकट्याने काही करण्याची धमक नसते. ती सागामागे गोळा होतात आणि श्रेय घेतात.

पुरातत्त्वाच्या अंगाने पाहता पन्हळीत कालक्रम स्पष्ट दिसतो. सर्वांत वर चैत्रातला निंबाचा मोहोर, त्याखाली माघ-फाल्गुनातला साग, मग संक्रांतीच्या पतंगाचा कागद आणि गुंतलेला मांजा. त्याच्याही खाली दिवाळीच्या रॉकेटची काडी, आणि तळाशी कौलांची भुकटी व शेवाळ. चेंडू कोणत्याही थरात सापडतो. त्याच्या कालनिश्चितीबाबत मतभेद आहेत.

आता निदान. धुरावरून अग्नी ओळखणाऱ्या नैयायिकांना भिंतीवरचा काळा ओघळ पुरेसा आहे. पाणी टोकाऐवजी पन्हळीच्या मध्यावरूनच सांडू लागले, पन्हळीला पोक आला, किंवा वर पिंपळाचे रोप डोलू लागले, तर संशयाला जागा उरत नाही. जुन्या धाब्याच्या घरात निदानाचीही गरज पडत नाही: पन्हळ बंद झाली की पाणी छतावर साठते, माती भिजते आणि घरातली मंडळी पातेली घेऊन गळतीमागे फिरतात. शिवाय साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाला आठवड्या-दीड आठवड्यात संसार थाटता येतो.

उपायांबाबत जाळीवादी पंथाचा फार बोलबाला आहे. जाळी बसवावी, पण साग जाळीवरही तितक्याच निष्ठेने पसरतो. 10 फुटांना किमान पाव इंच उतार ठेवावा. कचरा हाताने किंवा खुरप्याने उचलून घमेल्यात टाकावा. काठीने नळात ढकलणे म्हणजे रोग खालच्या मजल्यावर पाठवणे. शेवटी वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतून ते खालून सुटते का, हे पाहावे.

मूळ सिद्धांत असा की पन्हळ तुंबलेली जूनमध्ये दिसते, पण तुंबते उन्हाळ्यात. मृग 7 जूनच्या सुमारास लागतो. तेव्हा वाचकहो, रोहिणीतच शिडी लावा, आणि ती धरायला खाली कुणाला तरी उभे करा.