सात नंबरचा गोटा

भूशास्त्र शिकतो म्हटलं की आमचे नातेवाईक मला देशांच्या राजधान्या विचारतात. उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळताच मामा म्हणाले, "म्हणजे सुट्टीतही भूगोल!" तो सगळा भूगोल कापडी पिशव्यांत भरून, पिशव्यांवर मार्करनं नंबर घालून, जूनच्या भर दुपारी मी लोणारला काळीपिवळीची वाट बघत होतो. सॅकचं नि माझं वजन जवळपास सारखं. फक्त सॅक स्वतःच्या बळावर उभी होती.

लोणार पाहिलं? पाहिलं. विवर गोल आहे, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. दैत्यसूदनाचं मंदिर देखणं, पाण्याला वास. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हापासून येणारा जाणारा "गुलाबी कुठाय?" असं मला दरडावून विचारतो, जणू मीच ते लपवलंय. ती खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची करामत होती, हे सांगेपर्यंत मंडळी सेल्फी काढून पसार!

विवर अभयारण्यात, तिथला खडा उचलायलाही वनखात्याची परवानगी लागते. पण विवर घडवणाऱ्या उल्केच्या आघातानं उडालेला माल काठाबाहेर किलोमीटरभर पसरलाय आणि त्यावर आता शेती आहे. "धुऱ्यावरचे थोडे दगड नेऊ का?" असं एका शेतकरीदादांना विचारलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"आमची तिसरी पिढी गोटे वेचून राह्यली, आन् तू इचारून नेतं? सारे ने बापू! ट्रॅक्टर देऊ का?"

सुलतानपूरच्या पुढे चढावर काळीपिवळीचा टायर फुटला. आत माणसं किती होती ते परमेश्वराला आणि ड्रायव्हरला ठाऊक; बाहेर पडल्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, की टायर या पोराच्या गोट्यांनी फुटला. मांडीवर मांडी टाकून बसलेले ते तीन पैलवान, टपावरची ती पोती, कुणाचाही काही संबंध नाही.

गाडी मागे सरकू नये म्हणून चाकाखाली दगड हवा होता. रस्त्याच्या कडेला ढीगभर पडले होते, पण ड्रायव्हरनं माझ्या सॅकमध्येच हात घातला आणि नेमका बारा नंबर काढला.

"तो नको! त्यात काच आहे!"

मग भर उन्हात माझं व्याख्यान झालं. लोणार ज्वालामुखीचं तोंड, असं पुष्कळ जणांना वाटायचं. पण उल्केचा आघात इतका जबर होता, की खडकातल्या फेल्डस्पारच्या स्फटिकांची वितळायची सवड न मिळता काच झाली. ज्वालामुखीला हे जमत नाही. लोणारच्या खडकात ही काच सापडल्याचं १९७३ साली प्रसिद्ध झालं आणि उल्केचं पारडं जड झालं.

"कितीले जाते?" एका पैलवानानं विचारलं. काही किंमत नाही म्हटल्यावर श्रोते पांगले.

एक आजी तेवढ्या थांबल्या. त्यांनी दगड माझ्या हातातून घेतला, काळ्या अंगावरचे पांढरे ठिपके अंगठ्यानं चोळून पाहिले. ती काच सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही, हे मी सांगणार होतो.

"मले दे. फुटंन ना, बापा."

मेहकरपर्यंत बारा नंबर त्यांच्या मांडीवर, पदरात गुंडाळून. खड्डा आला की त्या दगडावर हात ठेवायच्या. माझ्या संशोधनाकडे इतक्या काळजीनं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, माझ्यासकट.

चाकाखाली गेला तो सात नंबर. गाडी सुटली ती सुटलीच. सात नंबर राहिला मागे.

पुण्यात शेवटच्या सादरीकरणाला एका सरांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"सहानंतर एकदम आठ? सात कुठाय?"

"सुलतानपूरच्या पुढे, रस्त्याच्या डाव्या बाजूला."

सरांनी चष्मा वर केला. "अक्षांश-रेखांश नोंदवलेत का?"