‘ओढेल हो, ट्रक नवा आहे’ म्हणणाऱ्या साहेबांना



साहेब, डेन्व्हरच्या मराठी मंडळींना जुने कॅम्पिंग ट्रेलर विकायचा उद्योग तुम्ही गेली काही वर्षं करता. गणपतीत ओळख काढायची, ‘आपल्या माणसाला फसवेन का मी’ म्हणायचं आणि व्यवहार रोखीत उरकायचा. माझ्या मावसभावालाही तुम्ही असंच आपलं मानलंत. त्याच्या गळ्यात सत्तरच्या दशकातला, अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत कवचाचा ट्रेलर घातलात. बायको आणि दोन मुलांना घेऊन तो पहिल्याच सहलीला आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघाला. ११,००० फुटांहून उंच असलेला आयझेनहॉवर बोगदा ओलांडून तो सिल्व्हरथॉर्नच्या उताराला लागला. सात टक्क्यांचा उतार आहे तो. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांना शिरता यावं म्हणून तिथे रस्त्याकडेला खडीचे चढ बांधून ठेवलेत. त्या उतारावर त्याला कळलं, की मागून ढकलत येणाऱ्या तीन टनांना ब्रेकच नाहीत.

त्याने गिअर खाली आणला, ट्रकच्या ब्रेकचा जळका वास येईपर्यंत वेग आवरला आणि गाडी कडेला घेतली. चौघंही सुखरूप आहेत. तुम्हाला हे कळवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘मग झालं की, काही झालं तर नाही ना!’ म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

निघण्यापूर्वी त्याने तुम्हाला फोन केला होता. नव्या ट्रकच्या पडद्यावर ट्रेलरचे ब्रेक जोडलेलेच दिसत नव्हते. तुम्ही सांगितलंत, ‘नव्या ट्रकच्या सेन्सरला जुने ट्रेलर कळत नाहीत. लक्ष देऊ नको.’ ट्रकला सगळं कळत होतं, साहेब. ट्रकमधला ब्रेक कंट्रोलर सात पिनांच्या प्लगमधून निळ्या वायरीने ट्रेलरच्या चाकांतल्या विद्युतचुंबकांना करंट देतो. ते चुंबक ड्रमला चिकटतात आणि ब्रेक लागतात. चुंबकांपर्यंत वाटच नसेल तर ट्रकला ते जाणवतं, आणि तो तसं सांगतो. मी ट्रेलरखाली शिरून पाहिलं. निळी वायर अ‍ॅक्सलजवळ तोडलेली होती, टोकाला टेप गुंडाळलेली होती. पन्नास वर्षांच्या ट्रेलरवर ती टेप नवीकोरी होती. आत कुठे तरी शॉर्ट होता. तो शोधण्यापेक्षा वायर तोडणं तुम्हाला स्वस्त पडलं. ट्रेलर सुटलाच तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या स्विचची छोटी बॅटरीही मेलेली होती. कोलोरॅडोत ३,००० पाउंडांहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं कायद्याने सक्तीचं आहे. हा ट्रेलर सामानासकट ६,६०० पाउंड भरला.

‘ट्रक ११,००० पाउंड ओढतो, तुझा ट्रेलर त्याच्या निम्मा,’ हे तुमचं लाडकं वाक्य. ट्रेलर निम्मा नव्हता, हे काट्यावर दिसलंच; तुम्ही माहितीपत्रकातलं रिकाम्या ट्रेलरचं वजन धरलं होतं. नुसती ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली तरी तीनशे तीस पाउंड वाढतात. पण खरी लबाडी त्यापुढची आहे. ओढायची क्षमता ठरवण्याच्या प्रमाणित चाचणीत ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पाउंडांची दोनच माणसं धरलेली असतात. घरच्या ट्रकमध्ये माणसं, कूलर, जनरेटर आणि सायकली असतात. त्या सगळ्याची मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर छापलेली असते. तिला पेलोड म्हणतात. भावाच्या ट्रकवर तो आकडा १,४२० आहे. ट्रेलर नीट चालायचा तर त्याच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकमागच्या जोडावर, पडावा लागतो आणि तोही पेलोडमध्येच धरायचा असतो. तेरा टक्के धरले तर साडेआठशे पाउंड होतात. वजन वाटून घेणाऱ्या हिचचे नव्वद, चार माणसांचे सहाशे, मागच्या हौद्यातल्या सामानाचे अडीचशे. बेरीज १,७९० च्या आसपास जाते. ओढायच्या आकड्यापासून ट्रक अजून लांब होता आणि पेलोड केव्हाच ओलांडून बसला होता. तुम्ही हा धंदा करता. दाराचं ते स्टिकर वाचायला किती वेळ लागतो हो?

ट्रकची मागची बाजू बसते आहे, असं त्याने सांगितलं. त्यावर तुम्ही दिलेला सल्ला मला सर्वांत जास्त संताप आणतो. ‘जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला टाक, ट्रक वर येईल.’ ट्रक वर आला खरा. तुम्ही खेड्यात वाढलात, असं अभिमानाने सांगता. बैलगाडीत मागे जास्त भरलं की ती उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, हे तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. ट्रेलरचंही तसंच. हिचवरचा भार दहा टक्क्यांखाली गेला की तो शेपटासारखा डावी-उजवीकडे झुलू शकतो. ताशी ५० मैलांचे ६५ झाले तर ट्रेलरची गतिज ऊर्जा जवळजवळ पावणेदोनपट होते आणि तो झुला पुढच्या ट्रकलाच फिरवतो. अशा वेळी ट्रकचा ब्रेक करकचून दाबायचा नसतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि कंट्रोलरवरून हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. म्हणजे तुम्ही झुलण्याची सोय केलीत आणि त्यावरचा उपाय आधीच कापून ठेवलात.

ट्रेलरबरोबर तुम्ही हिचचा बॉल भेट दिलात. ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या तोंडावर, २ पूर्णांक ५/१६ इंच असं ठळक कोरलेलं आहे. बॉल २ इंचांचा. असा बॉल आत बसतो, कडी लागते, सगळं जागच्या जागी दिसतं. मग एका खड्ड्यावर ट्रेलरचं तोंड उचललं जातं आणि तो निसटतो. ट्रेलर जोडल्यावर जॅकने तोंड वर उचलून ट्रकची मागची बाजूही वर येते का, एवढं एकदा पाहिलं असतंत तरी पुरलं असतं. असली भेट पुन्हा कुणालाही देऊ नका.

टायरांवरचे चार आकडे मी चाकांच्या आतल्या बाजूने वाचले: २३१२. म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. खाचा शाबूत होत्या, कारण हे टायर चालून झिजत नाहीत, उभ्या उभ्या वाळतात. त्यांना काळं पॉलिश करण्यात तुम्ही कसूर केली नव्हती. मागच्या बंपरवर मी उभा राहिलो तर बंपर खाली गेला आणि कवच वरच राहिलं. आतलं प्लायवुड पाण्याने कुजून फ्रेमपासून सुटलंय. टोचणी खुपसली तर मुठीपर्यंत आत गेली. वर मात्र नवं लिनोलियम.

आणि विकताना तुम्ही त्याला असे चंदेरी ट्रेलर बनवणाऱ्या वॅली बायम यांची गोष्ट ऐकवलीत. १९५९ साली त्यांचा काफिला असलेच चंदेरी ट्रेलर घेऊन केपटाउनहून कैरोकडे निघाला, ही गोष्ट खरी आहे आणि मलाही तिचं वेड आहे. जुना ट्रेलर सोलून, नवा अ‍ॅक्सल आणि नवी वायरिंग घालून पुन्हा रस्त्यावर आणणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या कष्टांपुढे मी नमतो. बायम यांचे ट्रेलर आफ्रिकेत उतरले तेव्हा ते पन्नास वर्षांचे नव्हते, साहेब. त्यांच्या ब्रेकची वायर कुणी तोडली नव्हती.

भावाचे पैसे तुम्ही परत करालच, नाहीतर पुढचं वकील बघेल. मला त्याहून निकडीचं एक हवं आहे. तुमच्या अंगणात अजून तीन ट्रेलर उभे आहेत. त्यांचं काट्यावर वजन करून, टायरांची तारीख पाहून आणि कुणा जाणत्या मेकॅनिकसमोर ब्रेक तपासल्याशिवाय एकही विकू नका. आणि याआधी ज्यांना विकलेत, ती आपली माणसं लेबर डेच्या सुट्टीला डोंगरात निघतील. त्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये आहेत. त्यांना आज फोन करा आणि निळ्या वायरीचं सांगा.