बिडाच्या तव्याचे अच्छे दिन

नॉनस्टिकची लाट आली तेव्हा आजीचा बिडाचा तवा भंगारवाल्याच्या काट्यावर चढला. कुणाला हळहळ वाटली नाही. आता त्याचाच भाऊबंद ‘प्री-सीझन्ड’ होऊन, खोक्यात बसून, चांगल्या नोटा मोजून घेऊन घरी येतो. मग त्याला जवसाचं तेल चोळायचं, ओव्हनमध्ये तासभर तापवायचं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा.

शास्त्र एवढंच, की तेलाचा अगदी पातळ थर कडक तापला की त्याचे रेणू एकमेकांत गुंफून बिडाला घट्ट धरून बसतात. उत्साहाने तेल ओतलं की तवा चिकट होतो आणि मालक हिरमुसतो. कोकणात हेच काम अर्ध्या कांद्याने नाहीतर नारळाच्या शेंडीने तेल फिरवत, घावनं घालता घालता होऊन गेलं. त्याला ‘प्रोसेस’ म्हणायला कुणाला सवड नव्हती.

साबणाच्या दोन थेंबांनी तवा मरत नाही. रात्रभर सिंकमध्ये भिजत पडला तर मात्र गंजतो. तोही गंज घासून, तवा विस्तवावर कोरडा करून, पुन्हा तेल लावलं की प्रकरण मिटतं. तेव्हा पहिल्या घावनाच्या चिंध्या झाल्या म्हणून तवा ‘अँटिक’ ठरवून भिंतीवर टांगू नका. दुसरं घावन घाला.