उघडून बघूया की!

इस्लामपुरात आण्णांचं घर नावानं विचारून सापडत नाही. "पंखा खोलणारे आण्णा" म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा दारात आणून सोडतं. उभी हयात साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात गेली. ऐन गळिताच्या हंगामात रात्री दोनला मोटार जळली की आण्णांना न्यायला जीप यायची. निवृत्तीनंतर जीप बंद झाली. मोटारी अजून जळतात, पण त्या आता दुसऱ्या कुणाला बोलावतात, हे आण्णांच्या मनाला लागलेलं आहे. तेव्हापासून ते गल्लीतल्या चालू वस्तूंकडे संशयानं आणि बंद वस्तूंकडे मायेनं बघतात.

असले एक आण्णा तुमच्याही गल्लीत असणार. खिशाला पेनाऐवजी टेस्टर, चष्म्याची काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, आणि कुणी "बंद पडलंय" म्हणालं की चेहऱ्यावर लग्नघरची कळा. "जाऊ दे, नवा घेऊ" हे त्यांच्यासमोर बोलणं म्हणजे वारकऱ्यापुढं मटणाचा विषय काढणं.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत शेजारच्या माळ्यावरून एक लाल रिमोटची गाडी निघाली. ती त्या घरातल्या पोराच्या बापाची. बापाचे मामा विट्याकडचे, चेन्नईत गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा. नव्वदच्या दशकात त्यांनी ती बर्मा बझारातून भाच्याला आणलेली. पोरगं ती छातीशी धरून आण्णांकडं आलं.

"आण्णाआजोबा, ही चालंल का?"

"न चालायला काय धाड भरलीय तिला? उघडून बघूया की."

पहिल्यांदा सेलचं झाकण उघडलं. आत मागच्या पिढीतले सेल फुटून सगळ्या स्प्रिंगांवर पांढरा-हिरवा खार चढलेला. आण्णांनी आत बघून हाक दिली, "अगं, लिंबू आण!"

"सरबताला?"

"गाडीला. सेल अल्कलाइन हायती. त्यांचा खार आंबटानंच उतरतोय."

"पोह्यावर पिळायला घरात लिंबू न्हाई, आणि ह्यांची गाडी लिंबू खाणार," असं म्हणत काकूंनी अर्धी फोड आणून दिली. पिळलेली. रसायनशास्त्राला तेवढीही पुरली.

मग मीटर निघाला. आण्णांची खरी श्रद्धा मीटरच्या 'पीं' आवाजावर. दोन टोकांना दोन काड्या टेकवायच्या. आवाज आला तर तार शाबूत, नाही आला तर मध्ये कुठंतरी तुटली. याला ते 'कंटिन्युटी' म्हणतात आणि जगातली सगळी भांडणं तिच्याअभावी होतात असं त्यांचं मत आहे. पुण्यातल्या मुलाचा चार दिवस फोन आला नाही की काकू डोळे पुसतात, आण्णा म्हणतात, "कंटिन्युटी गेलीय. सूनबाईकडनं चेक करून बघ."

त्यांचा क्रम मात्र ठरलेला: आधी सेल, मग पत्र्या, मग स्विच, मग वायर, आणि बोर्डावर संशय सगळ्यात शेवटी. वस्तू हातात घ्यायच्या आधीच "बोर्ड गेला, तीन हजार" म्हणणाऱ्या हल्लीच्या पोरांना हा क्रम गिरवायला लावला पाहिजे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

रिमोटमध्ये नऊ व्होल्टचा चौकोनी सेल बसला, गाडीत चार पेन्सिल सेल. आण्णांनी एरियल पूर्ण उपसून बटण दाबलं. रिमोटचा लाल दिवा लागला. गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं, आणि पलीकडच्या अंगणातून किंकाळी आली. तिथल्या पोराची जत्रेतली नवी गाडी आपण होऊन सुटली होती आणि दिवाळीच्या किल्ल्यात घुसून तिनं प्रतापगडाचा बुरूज पाडला होता. त्या घरची आजी "बाहेरचं काहीतरी हाय" म्हणत मीठ-मोहऱ्या शोधायला आत गेली.

आजीला हसण्यात अर्थ नाही. 1898 साली निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पाण्याच्या टाकीत बिनतारी होडी चालवून दाखवली, तेव्हा आत शिकवलेलं माकड बसवलंय असा शहाण्यासुरत्या बघ्यांना संशय आला होता म्हणतात. इथलं कारण साधं होतं. स्वस्तातल्या रेडिओच्या गाड्या बहुधा 27 नाहीतर 49 मेगाहर्ट्झवर चालतात. दोन्ही गाड्या 27 वाल्या निघाल्या, म्हणून ह्या रिमोटचा हुकूम त्या गाडीनं पाळला.

"रिमोट पास!" आण्णा ओरडले. पडलेल्या बुरुजाचं त्यांना काही नव्हतं. "फॉल्ट गाडीतच हाय." इतक्या आनंदानं मी कुणाला मुलाचा बारावीचा निकालही सांगताना पाहिलेलं नाही.

गाडीचं पोट उघडलं. एरियलची वायर बोर्डापासून तुटलेली. म्हणजे कान आहे, पण ऐकू येत नाही. दोन ठिकाणी ड्राय सोल्डर, म्हणजे डाग कच्चा. मोटारीला पुढं-मागं फिरवणारे चार ट्रान्झिस्टर, त्यातला एक जळालेला. दोन जोडीनं चालू झाले की गाडी पुढं, उरलेले दोन चालू झाले की मागं. एक मेला की जोडी मोडली. आण्णांनी बिस्किटाचा डबा उपडा केला. त्यात एका मयत रेडिओचा 8050 नंबरचा ट्रान्झिस्टर मिळाला. नसता मिळाला तर पुण्याला लग्नाला निघालेल्या कुणालातरी तिथल्या इलेक्ट्रॉनिक पार्टांच्या तपकीर गल्लीत पिटाळलं असतं. सोल्डरचा धूर झाला, काकूंनी खोकून निषेध नोंदवला, डाग बसला.

गाडी सुरू झाली. पलीकडचीही झाली, पण ते सोडा. पोरगं नाचायला लागलं आणि आण्णांचा चेहरा उतरला. इतका वेळ पाहुणचार केलेला फॉल्ट निघून गेला होता. त्यांनी मीटरच्या वायरी गुंडाळल्या आणि उगाच विचारल्यासारखं विचारलं, "आजीचा मिक्सर काय म्हणतोय?"

"बरा चाललाय."

"आवाज करतोय का?"

"न्हाई."

"बघ बरं, नीट ऐकत जा."

पोरानं मान डोलावून बटण दाबलं आणि थबकलं. मोटारीच्या दोन वायरी डाग देताना उलट्या लागल्या होत्या. "आण्णाआजोबा, पुढचं बटण दाबलं की मागं जातीय."

"मग मागचं दाब की," आण्णा म्हणाले. "आणि येताना तो मिक्सर घेऊन ये."